लेखकाच्या नावाची चौकट आणि तुमचे आभार

प्रिय ताई,

ग्रंथालयाच्या ॲपमधली लेखकाच्या नावाची चौकट अखेर वापरात आली. दोन अक्षरं टाइप केली की खाली नावं येतात, बाणाच्या बटणांनी हवं ते निवडता येतं, आणि निवडायचं नसेल तर यादी मुकाट बाजूला होते. यातली ती मुकाट बाजूला होणारी यादी सर्वस्वी तुमची. फोनवर आभार मानून झाले होते, पण कोडच्या रिव्ह्यूमध्ये, म्हणजे तपासणीत, तुम्ही जे लिहीत गेलात ते असलं काम हातात घेणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे उघड पत्र.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, 'लायब्ररी कशाला हवी?' लायब्ररी म्हणजे इथे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड. पुस्तकाची भाषा निवडायच्या चौकटीपुरतं तुमचं खरं ठरलं. मोजक्या भाषा, ठरलेली यादी. तिथे एचटीएमएलचा साधा डेटालिस्ट, म्हणजे ब्राउझरच दाखवतो ती सूचनांची यादी, पुरला, जावास्क्रिप्टची एक ओळही लागली नाही. लेखकांच्या बाबतीत मात्र नावं हजारोंनी, जुळवणीचे नियम आपले, आणि डेटालिस्टची यादी कशी दिसावी हे ब्राउझर ठरवणार. तिथे स्वतः बांधण्यावाचून इलाज नव्हता, हे तुम्हीही मान्य केलंत. जरा कुरकुरत.

मग एंटरचा वाद. यादीतलं पहिलं नाव आपोआप निवडलेलं असावं, म्हणजे एंटर मारला की काम झालं, असा सगळ्यांचा आग्रह होता. तुम्ही एकच उदाहरण दिलंत: नोंद करणाऱ्याने नुसतं 'जोशी' लिहिलं, त्याला तेवढंच हवं होतं, आणि एंटर मारताच चौकटीत कुण्या भलत्याच जोशींचं पूर्ण नाव येऊन बसलं. तो खाली बघतही नाही, पुढच्या रकान्यात गेलेला असतो. नोंद चुकली ती चुकलीच, आणि कुणाला पत्ताही नाही. तेव्हापासून नियम असा की बाण दाबल्याशिवाय काहीही निवडलं जात नाही आणि एस्केप दाबला की लिहिलेलं जसंच्या तसं राहतं. माझ्या मते हा एक निर्णय बाकी सगळ्या हुशारीपेक्षा मोठा आहे.

डीबाउन्सबद्दल, म्हणजे दर अक्षराला विचारणा न करता जरा थांबण्याबद्दल, तुमचं बोलणं तिखट होतं, पण बरोबर. टायपिंग थांबल्यावर २००–३०० मिलिसेकंदांनी विचारणा केली की सर्व्हरवरचा भार कमी होतो. उत्तरं क्रमाने येतील याची मात्र काहीच हमी मिळत नाही. 'कु'चं उत्तर रेंगाळलं आणि 'कुलक'चं आधी आलं, तर मागाहून आलेलं जुनं उत्तर नव्या यादीवर जाऊन बसतं. यावर जुनी विचारणा अबॉर्टकंट्रोलर या ब्राउझरमधल्या सोयीने रद्द करायची, आणि तरीही उत्तर दाखवण्याआधी चौकटीत आत्ता काय लिहिलंय ते तपासायचं. दुसरी तपासणी मला जास्तीची वाटत होती. तुम्ही ती काढू दिली नाहीत.

सगळ्यात जास्त शिकलो ते 'कुऱ्हाडे' या आडनावावर. नाव डेटाबेसमध्ये आहे, डोळ्यांना दिसतंय, शोधात सापडत नाही. कारण 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात मुळातच ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणूनही ते एक होत नाहीत. मग झेडडब्ल्यूजे सरसकट उडवावा असं सुचलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, 'उडवा, दऱ्यांचा दर्या होईल.' हसलो आणि तेवढी अक्षरं आधी ऱ-कडे वळवणारा छोटा नियम लिहिला. तो आता नाव साठवताना शोधाच्या रकान्यावर आणि विचारणा करताना टाइप केलेल्या मजकुरावर, असा दोन्हीकडे चालतो. मूळ नावाला हात लावत नाही.

कीबोर्डचंही तसंच. कीबोर्ड अक्षरं जोडून शब्द जुळवत असताना दाबलेला एंटर हा कीबोर्डसाठी असतो, आपल्या यादीसाठी नाही. म्हणून इझकम्पोझिंग, म्हणजे ही जुळवणी चालू आहे का ते सांगणारी खूण, तपासून तो सोडून द्यायचा. पण त्या काळात शोधच बंद ठेवला तर अँड्रॉइडवर पंचाईत होते. तिथले बरेच कीबोर्ड अख्खा शब्द संपेपर्यंत जुळवणीतच असतात, आणि स्पेस दाबेपर्यंत एकही नाव दिसत नाही. शोध चालू, एंटर दुर्लक्षित: ही विभागणी मला कुठे आयती सापडली नसती.

माउसने नावावर क्लिक करताच यादी गायब होण्याचा प्रकार तुम्ही एका ओळीत मिटवलात: ब्लर (चौकटीवरचा फोकस जाणं) आधी येतो, क्लिक नंतर, तेव्हा माउसडाउनलाच (बटण दाबलं जातानाच) अडवा.

स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, गोष्ट मात्र एका ओळीत आटोपण्यासारखी नाही. तुम्ही पडदा बंद करून नुसतं ऐकायला बसवलंत. फोकस चौकटीतच ठेवायचा आणि कोणत्या नावावर आहोत ते एरिया या (स्क्रीन रीडरला माहिती पुरवण्याच्या) वेब-मानकातल्या एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट या खुणेने कळवायचं, हे त्या बैठकीत खरं समजलं. इकडूनतिकडून उचललेल्या कोडमध्ये कॉम्बोबॉक्सची, म्हणजे यादी जोडलेल्या चौकटीची, भूमिका इनपुटच्या (लिहायच्या चौकटीच्या) बाहेरच्या डब्याला दिलेली होती. ती एरिया १.१ची, म्हणजे २०१७ची पद्धत. २०२३मध्ये शिफारस म्हणून आलेल्या १.२मध्ये ती थेट इनपुटवरच असते. आपण तशी केली आणि वाचन सुधारलं.

एका गोष्टीवर आपलं अजून जमलेलं नाही. काहीच न सापडल्यास 'एकही नाव नाही' असं लगेच बोलून दाखवावं, हे तुमचं म्हणणं. लिहिणारा थांबेपर्यंत गप्प राहावं, हे माझं. सध्या माझ्या पद्धतीने ठेवलंय. पुढच्या आठवड्यात रोज स्क्रीन रीडर वापरणारे दोघे ती चौकट वापरून बघणार आहेत. तुम्हीही या, निकाल त्यांच्या तोंडूनच ऐकू.

तुमचा,
चौकट सांभाळणारा