रांग नव्यांची कमी, फेऱ्यांचीच जास्त

महोदय,

त्वचारोग ओपीडीतल्या गर्दीचा विषय निघाला की दोनच उपाय सुचवले जातात: डॉक्टर वाढवा, नाहीतर महाशिबिर घ्या. डॉक्टर हवेतच. पण त्या रांगेत कोण उभे असते हे आधी बघायला हवे. नव्या रुग्णांपेक्षा पुन्हा आलेले जास्त, आणि त्यांच्या बऱ्याच फेऱ्या टाळता येण्यासारख्या असतात.

साधा हिशेब मांडू. सकाळी 9 ते 1, दोन डॉक्टर, म्हणजे 480 मिनिटे. नव्या रुग्णाचे अंग उजेडात नीट पाहून औषध समजावायला 10 मिनिटे धरा, फेरतपासणीला 5. रोज 20 नवे आले आणि प्रत्येकाला पुढे चार फेऱ्या पडल्या, तर काही महिन्यांत रोजच्या फेरतपासण्या 80 होतात. 200 आणि 400 मिळून 600 मिनिटे. तुटीची 120 मिनिटे निघतात ती नव्या रुग्णाच्या वाट्यातून. त्याला दहाऐवजी चार मिनिटे मिळतात. निदान अर्धवट, सूचना अर्धवट, की पाचवी फेरी ठरलेली. तेच चाराच्या दोन फेऱ्या केल्या तर काम 400 मिनिटांत आटोपते आणि 80 मिनिटे हाताशी राहतात. ती रिकामी समजून आणखी टोकन देऊन भरून टाकू नयेत. गणेशचवथीच्या आठवड्यात ओपीडी ओस पडते आणि त्यानंतरच्या सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. मागच्या गुरुवारची रिकामी खुर्ची त्या सोमवारी कामाला येत नाही. रोजच्या सरासरीइतकीच सोय ठेवली की रांग वाढतच जाते, ती यामुळे.

शिबिराचेही तसेच. एका दिवसात 200 नवे तपासले, छायाचित्र छापून आले. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या म्हटल्या तरी पुढच्या 400 भेटींचा भार पडतो नेहमीच्याच ओपीडीवर.

फेऱ्या वाढतात त्या अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी. मलमाचेच घ्या. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते बोटांसह हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. पावलांसह दोन्ही पायांना एका वेळी 8 ग्रॅम लागते, दिवसातून दोनदा म्हणजे 16. दोन्ही पायभर इसब असलेल्या रुग्णाच्या हातावर 15 ग्रॅमची एक ट्यूब ठेवली तर ती एक दिवसही पुरत नाही. तो बिचारा महिनाभर पुरवून पुरवून लावतो आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून परत येतो. सोरायसिससारख्या जुनाट आजारात रोग काबूत असेल आणि रक्ततपासणी ठीक असेल, तर गोळ्या पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंतच्या एकदम द्याव्यात. नुसत्या गोळ्या नेण्यासाठी काणकोणहून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठणे म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस, आणि ओपीडीतले एक टोकनही.

खरूज घरातल्या एकालाच झाली असे समजून औषध दिले की महिनाभरात तेच कुटुंब पुन्हा दारात. 5 टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत लावून रात्रभर ठेवायचे. सात दिवसांनी पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. मोठ्या माणसाला एका वेळी 30 ग्रॅमपर्यंत लागते. वापरलेले कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात किंवा पिशवीत तीन दिवस बांधून ठेवाव्यात. किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, हे चिठ्ठीवर लिहून दिले नाही तर त्या खाजेसाठी वेगळी फेरी होते.

बुरशीने होणाऱ्या गजकर्णाचा घोळ याहून मोठा. फार्मसीतून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणायचे, दोन दिवसांत खाज थांबते, सोडले की दुप्पट पसरते. 2018 साली केंद्राने स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली, तरी ती चिठ्ठीशिवाय मिळतात. या मलमाने चकत्यांची कड पुसट होते, मग अनुभवी डोळाही फसतो. कडेचे खवले खरवडून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काचेवर ठेवले की 15-20 मिनिटांत बुरशीचे धागे दिसतात. मलेरियाची स्लाइड पाहणारा सूक्ष्मदर्शक आरोग्य केंद्रात असतोच. तंत्रज्ञाला दोन दिवस शिकवले तर यासाठी जिल्हा इस्पितळ गाठायची गरज नाही. खवले मधले नकोत, कडेचे हवेत.

आरोग्य केंद्रातून पुढे पाठवताना चिठ्ठीसोबत रुग्णाच्या संमतीने तीन फोटो असावेत: दुरून पूर्ण भाग, हातभर अंतरावरून, आणि जवळून. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, त्वचा पुसून. पावडर किंवा हळद लावलेली नको. आधी काय काय लावले ते विचारावे आणि त्या ट्यूबचाही फोटो घ्यावा. (नाव कोणाला आठवत नाही, ट्यूब मात्र खिशात असते.) गेल्या दोन महिन्यांत सुरू झालेल्या गोळ्या लिहाव्यात. एवढ्यावर तज्ज्ञ ठरवू शकतो: तिथेच औषध द्या, तारीख द्या, की आजच पाठवा. पण बधिर चट्टा फोटोत कळत नाही. तिथे डोळे मिटायला लावून कापसाने स्पर्श तपासावाच लागतो. कुष्ठरोगाच्या शंकेला त्याच आठवड्याची जागा राखून ठेवावी. आणि नवी गोळी घेतल्यावर ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा साल निघू लागलेला रुग्ण रांगेत उभा करूच नये. त्याला थेट आपत्कालीन विभागात न्यावे.

हे सगळे सुरू करायला निधी लागत नाही, पण आकडे लागतात, आणि आज असलेले आकडे दिशाभूल करतात. किती केस पेपर निघाले हे आपण मोजतो. खिडकी बंद झाल्यावर किती जण माघारी गेले हे कोणी मोजत नाही. खिडकीवर एक वही ठेवा, चार रकाने आखा: नवे, फेरतपासणी, फक्त गोळ्या किंवा रिपोर्टसाठी आलेले, आणि परत पाठवलेले. दोन आठवडे रेघा मारायच्या, पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात, घामोळ्यांच्या दिवसांत, एकदा. डॉक्टर किती वाढवायचे याची मागणी त्या वहीसकट आरोग्य खात्याकडे जावी.

— त्वचारोग सेवेतील एक डॉक्टर, फोंडा