‘अभंग’ कापायला शिकवणाऱ्या काकांना

सा. न. वि. वि.

काका, तुम्ही मोबाइलवर फारसं वाचत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या नातवाला वाचून दाखवायला सांगणार आहे. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही ‘चहा घे आधी’ म्हणून विषय बदलता. मग चारचौघांत लिहिलेलं बरं.

हुपरीला तुमच्या दारात आले तेव्हा माझ्या पिशवीत पितळी पत्र्याचे ११ तुकडे होते. सगळ्यांवर करवतीने कापायला घेतलेला एकच शब्द, ‘अभंग’, अक्षरं १२ मिलिमीटर उंच, आणि एकही तुकडा पुरा झालेला नाही. आत्याला वारीत घालायला चांदीचं पदक करून द्यायचं होतं. चांदीला हात लावायचं धैर्यच होत नव्हतं. भर लग्नसराई, पैंजणांची कामं डोक्यावर, तरी तुम्ही ते तुकडे एकेक करून उजेडात धरून पाहिलेत.

आधी माझ्या करवतीचं पातं पाहिलंत. जाड पातं तुटणार नाही, या समजुतीने मी १ नंबरचं लावलं होतं. पत्रा ०.८ मिलिमीटरचा. तुम्ही भिंग हातात देऊन दाते मोजायला लावलेत. एका वेळी निदान दोन दाते पत्र्याच्या जाडीत बसले पाहिजेत. नाहीतर पत्र्याची कड दोन दात्यांच्या मध्ये अडकते आणि पातं तुटतं. इतकी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तुम्ही ४/० ची, म्हणजे त्याहून बारीक दात्यांच्या पात्यांची, पुडी काढून दिलीत. दाते खाली मुठीकडे ठेवून पातं लावायचं, फ्रेम छातीने मेजावर दाबून ताणायचं, नखाने छेडल्यावर ‘टिंग’ वाजलं की झालं. आता तो आवाज मी रोज ऐकते. भदभद वाजलं तर पुन्हा ताणते.

खरं शिक्षण मात्र मुठीचं झालं. मी फ्रेम आवळून धरत होते आणि पुढे रेटत होते. तुम्ही माझ्या मुठीखाली आपलं एक बोट ठेवलंत आणि म्हणालात, “ढकलू नकोस पोरी. खालीवर कर नुसतं, पुढं ते आपलं आपण जातंय.” दोन दिवस फक्त सरळ रेघा. मग वळणं: कोपऱ्यावर पुढे सरकायचं नाही, जागच्या जागी करवत चालू ठेवायची आणि डाव्या हाताने पत्रा हळूहळू फिरवायचा. करवत उभीच राहते, फिरतो तो पत्रा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही पातं तुटलं नाही. त्या रात्री कोल्हापूरला परतताना एसटीत माझा हात अगदी हलका होता.

आणि तुमचं ते ‘भ’वरचं बोलणं! देवनागरीत शिरोरेखा सगळी अक्षरं धरून ठेवते, म्हणून मी निर्धास्त होते. तुम्ही दाखवलंत की ‘भ’वर ती तुटते. तुटली नाही तर ‘भ’चा ‘म’ होतो. म्हणजे ‘अ’ सुटून पडणार. ‘भ’ची खालची गाठ डावीकडे जरा लांबवून ‘अ’च्या उभ्या दांडीला टेकवायची, आणि अनुस्वाराच्या टिंबाला शिरोरेखेपर्यंत बारीक मान ठेवायची, हे तुम्ही खडूने फरशीवर काढून दाखवलंत. लेझरने कापणाऱ्यालाही हा विचार करावाच लागेल, पण मला तो तुमच्या फरशीवर कळला. गाठीतलं भोक आधी पाडून घ्यायचं, पातं त्यातून ओवून आतला भाग काढायचा, बाहेरची कड शेवटी, कारण तोवर धरायला पत्रा हवा. आणि कापायचं रेघेच्या टाकाऊ बाजूने, रेघ कानशीसाठी राखून. हा क्रम आता हातात बसला आहे.

निघताना मी पैशांचं विचारलं, तेव्हा तुम्ही मेजाखालचा चांदीचा कीस झाडून डबीत भरत होतात. “झारेकऱ्याला काय देतो आपण, तेवढं दे,” म्हणालात (झारेकरी म्हणजे सोनारांकडची धूळ धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण वेचणारा) आणि काहीच घेतलं नाहीत.

आत्या पदक घालून पंढरपूरला जाऊन आली. अनुस्वाराची मान शाबूत आहे. पितळेचा पहिला पुरा झालेला तुकडा पुढच्या खेपेला घेऊन येते. ‘भ’च्या गाठीत माझी कानस कुठे जास्त लागली आहे, ते भिंगातून बघून सांगा.

आपली,
११ तुकडे घेऊन आलेली विद्यार्थिनी