दोन टॉर्पेडोंची चित्रे

संपादक महोदय,

युद्धाच्या बनावट चित्रफिती पसरल्या की दोष नव्या तंत्रज्ञानाला दिला जातो. मला हे अपुरे वाटते. मूकपटाच्या काळातच ही वाट पडली होती.

पहिल्या महायुद्धात, ७ मे १९१५ रोजी, जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. जहाज १८ मिनिटांत तळाला गेले आणि सुमारे १२०० जीव गेले. ते दृश्य टिपायला तिथे एकही कॅमेरा नव्हता. मग अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी स्वतःच्या पैशाने, मोजक्या मदतनिसांसह, हजारो चित्रे काढून त्यांतून सुमारे १२ मिनिटांचा चित्रपट उभा केला. जुलै १९१८ मध्ये तो झळकला.

मॅके यांची चित्रकला आजही थक्क करते. पसरत जाणारा काळा धूर, कलंडत गेलेले जहाज, दोरांना लोंबकळणारी माणसे, आणि शेवटी पाण्याखाली जाताना बाळाला वर उचलून धरणारी आई. हे सगळे बातमीपटासारखे दूरवरून पाहिल्यागत काढले आहे आणि बुडण्याची ही पहिली नोंद आहे, असे चित्रपट स्वतःच सांगतो. प्रेक्षकाने ते खरे का मानू नये?

पण चित्रपटात जहाजावर दोन टॉर्पेडो (पाण्याखालून सोडली जाणारी स्फोटक अस्त्रे) आदळतात. पाणबुडीच्या नोंदवहीत एकच टॉर्पेडो आहे. दुसरा स्फोट झाला खरा, मात्र त्याच्या कारणाबद्दल अभ्यासक आजही वाद घालतात. जहाजात रायफलींची लाखो काडतुसे होती, त्याबद्दल चित्रपट गप्प आहे. शेवटची पाटी तर जर्मनांचा द्वेष करायला उघडच चिथावते. अमेरिका तेव्हा युद्धात उतरून वर्ष उलटले होते.

निरपराध माणसे मेली हे खरेच होते आणि तो हल्ला क्रूरच होता. म्हणूनच त्या दुःखाच्या आड दुसरा टॉर्पेडो सहज खपून गेला, आणि मला हेच सर्वांत धोक्याचे वाटते.

दहावीच्या इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा पाठ आहे. त्या तासाला शिक्षकांनी हा मूकपट दाखवावा, आणि पाणबुडीच्या नोंदवहीत काय लिहिले आहे ते मुलांना लगेच त्यानंतर सांगावे. एका तासात दोन्ही सहज बसते.

– एक वाचक, सातारा