देवनागरीसाठी ब्रश आपणच घडवायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहीहंडी, गणेशोत्सव आणि नवरात्राच्या निमित्ताने मुंबईभर जे फलक लागतात, त्यांवरची मोठी सुलेखित शीर्षके आता बहुतेक वेळा संगणकावर स्टायलसने (डिजिटल लेखणीने) लिहिली जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र यांपैकी पुष्कळ अक्षरांत जाड रेघ भलत्याच दिशेला पडलेली दिसते, आणि याचा दोष लिहिणाऱ्या हातापेक्षा त्याने जसाच्या तसा उचललेल्या, सॉफ्टवेअरमधल्या तयार ब्रशकडे अधिक जातो. कलाशिक्षण संस्थांनी याकडे लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रोमन सुलेखनात कटनिबची, म्हणजे चपट्या छाटलेल्या टोकाच्या निबची, धार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी तिरकी धरतात. देवनागरीसाठी बोरूचे (वेताच्या लेखणीचे) टोक नेमके याच्या उलट छाटले जाते. धार डावीकडून उजवीकडे उतरती राहते, आणि त्यामुळे उजवीकडून डावीकडे खाली येणारी रेघ भरदार व तिला छेद देणारी रेघ बारीक होते. तयार मिळणारे सुलेखनाचे ब्रश बहुधा रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यांनी ‘व’ लिहिला, तर त्याच्या पोटाला जिथे जाडी यायला हवी तिथेच रेघ बारीक होते. मग विद्यार्थी अक्षराला बाहेरून ठिगळे लावत बसतो, आणि अक्षराची मोडणी अधिकच बिघडते.

वास्तविक हे सुधारायला फार वेळ लागत नाही. संगणकावरचा ब्रश म्हणजे एकाच ठशाचे अगदी जवळजवळ उमटवलेले शिक्के असतात, आणि त्या ठशाचा आकार, कोन व अंतर आपल्या हातात असते. फोटोशॉपमध्ये ही सोय आहे. गोल ठसा घेऊन त्याची गोलाई अगदी कमी केली की तो चपटा होतो. मग त्याचा कोन उतरता करून तो स्थिर ठेवायचा, रेघेच्या दिशेबरोबर फिरू द्यायचा नाही. साध्या गोल ब्रशचे स्पेसिंग, म्हणजे दोन शिक्क्यांमधले अंतर, सुरुवातीला व्यासाच्या २५ टक्के असते. ते तसेच ठेवले तर चपट्या टोकाच्या कडा दातेरी होतात, म्हणून ते चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरवावे. दाबाप्रमाणे जाडी बदलण्याची सोय तर बंदच करावी, कारण बोरूची जाडी दाबावर अवलंबून नसते, ती दिशेवर अवलंबून असते. दाबाचा उपयोग करायचाच असेल तर तो फ्लोला, म्हणजे प्रत्येक शिक्क्यातून उतरणाऱ्या रंगाच्या प्रमाणाला, जोडावा. हात हलका झाला की शाई संपत आल्यासारखी रेघ विरळ होते. इथे ओपॅसिटी आणि फ्लो यांतला फरक विद्यार्थ्याला नीट समजावून सांगावा लागतो. ओपॅसिटी ही एका फटकाऱ्याच्या गडदपणाची कमाल मर्यादा असते, तर फ्लो प्रत्येक शिक्क्यागणिक साचत जातो. शिक्के जवळ आणले की तोच फ्लो अधिक गडद दिसू लागतो. हे कळल्याशिवाय केलेले सगळे बदल अंदाजाचे ठरतात.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. विद्यार्थ्याने स्वतः बोरू छाटावा, हातकागदावर काळ्या शाईने फटकारे मारावेत, ते स्कॅन करून त्यांचाच ठसा करावा. काळा भाग रंग धरतो, पांढरा भाग पारदर्शक राहतो. असा ब्रश त्याच्या स्वतःच्या हाताचा असतो, आणि त्याने लिहिलेले शीर्षक शेजारच्या फलकावरच्या शीर्षकासारखे दिसत नाही.

खर्चाची सबब इथे चालणार नाही. क्रिता आणि गिंप ही चित्रकामाची दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. क्रितामध्ये ठशाचा कोन व चपटेपणा ठरवता येतो, तयार केलेले ब्रश एकत्र बांधून इतरांना देताही येतात. अडचण आहे ती शिकवण्याच्या पद्धतीची. खासगी वर्गांत ब्रशचे मोठमोठे संच विद्यार्थ्यांना उतरवून दिले जातात, पण त्यांतला एकही उघडून आतली मांडणी दाखवली जात नाही.

याच मुंबईत, पवईच्या आयआयटीत, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीच्या वळणांचा आणि संगणकाचा एकत्र विचार केला; विंडोजमधून घरोघरच्या संगणकांवर पोहोचलेला ‘मंगल’ हा टंक (फाँट) त्यांनीच घडवला. त्या शहरातल्या उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला आपल्या लिपीचा ब्रश करता येऊ नये, हे मनाला लागते. म्हणून कला संचालनालयाला आणि शहरातील कला महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, अक्षरलेखनाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी बोरू छाटणे आणि त्यावरून ब्रश घडवणे ही दोन्ही कामे एकाच प्रात्यक्षिकात घ्यावीत, आणि परीक्षेत लिहिलेल्या अक्षराबरोबर विद्यार्थ्याने केलेल्या ब्रशची फाइलही तपासावी.

आपला,
उपयोजित कलेचा एक निवृत्त शिक्षक,
गिरगाव, मुंबई