घोट्याची परीक्षा घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही. धुळ्यातले तुमचे पेशंट ओळखतीलच.

माझी मुलगी कॉलेजात खो-खो खेळते. खांबाला वळसा घेताना पाऊल आत वळलं आणि बाहेरचा घोटा बघता बघता टम्म सुजला. आमच्या पारोळ्याकडे अशा वेळी सल्ला द्यायला अख्खी गल्ली जमते. कोणी तेल चोळायला सांगितलं, कोणी हळदीचा लेप. एका ठिकाणी तर पायाला बोटही न लावता एक्स-रेची चिठ्ठी आणि प्लास्टरचा अंदाजे खर्च हातात मिळाला.

तुम्ही मात्र आधी जमिनीवर बसलात आणि तिचा पाय मांडीवर घेतलात. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत अंगठ्याने दाबत गेलात. मग आतला घोटा, मग पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत जो उंचवटा लागतो तो, शेवटी आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. "आता चार पावलं टाक." तिने लंगडत का होईना, टाकली. हाडावर दाबून दुखत नाही आणि चार पावलं टाकता येतात, तर एक्स-रेची गरज नाही, असं तुम्ही म्हणालात. माझ्या चेहऱ्यावरची शंका बघून हेही सांगितलंत की कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली हा नियम मांडला आणि तो जगभर वापरतात. तो नियम तुम्हाला पाठ असेल यात नवल नाही. कापसाच्या वेचणीतून उठून आलेल्या माणसाला तो उलगडून सांगायला वेळ काढलात, याचं मला अप्रूप आहे.

तिला पालथं झोपवून पोटरी दाबलीत, पाऊल हललं, म्हणजे टाचेची शीर शाबूत. नडगीची दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबून घोट्याच्या वरचा त्यांचा सांधा तपासलात. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, कितपत फाटलंय ते मात्र त्या दिवशी सांगितलं नाहीत. सुजेत हाताला नीट कळत नाही, चार-पाच दिवसांनी या, म्हणालात. आलो तेव्हा टाच धरून पाऊल हलकेच पुढे ओढून पाहिलंत. बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. पाय आत मुरगळला की बहुतेक वेळा पहिला मार तेच खातं, हे तेव्हा कळलं.

खरे आभार त्यापुढच्या गोष्टीचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर होती. सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, पोरगी घरात पळत होती. संघाला ती हवी होती, फोनवर फोन चालले होते. तुम्ही तिला एका पायावर उभं करून डोळे मिटायला लावलंत. चांगल्या पायावर ती खांबासारखी उभी, दुखऱ्या पायावर लगेच भिंत धरली. मग एका पायावरच्या उड्या टेपने मोजल्यात. दुखरा पाय दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के भरल्याशिवाय मैदान नाही, म्हणालात. लिगामेंटबरोबर पाऊल कुठे आहे हे सांगणाऱ्या नसाही दुखावतात, दुखणं गेलं तरी ती जाण परत यायला सराव लागतो, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची भीती जास्त. पोरगी तुमच्यासमोर रडली. तुम्ही रडू दिलंत, पण हो म्हटलं नाहीत. आम्हा घरच्यांना तो नकार देणं जमलं नसतं.

रोज एसटीने धुळे गाठायला लावलं नाहीत, हेही सांगायला हवं. व्यायाम घरीच नेमून दिलेत: रबरी पट्टा ओढणं, चवड्यावर उठणं, भिंतीला गुडघा टेकवणं. ओसरीच्या फरशीवर खडूच्या रेघा मारल्या, अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवून गुडघा टेकतो ते दिसावं म्हणून. टाच उचलायची नाही, ही अट आमच्या आईने स्वतःकडे घेतली. तांदूळ निवडता निवडता ओरडायची, "टाच उचलनी वं माय!" आणि ती रेघ बाद. तेलाचा आग्रह तिने कधी सोडला, कोणालाच कळलं नाही.

स्पर्धा हुकली. पुढे सरळ धावणं, मग नागमोडी, सगळ्यात शेवटी खांब, अशा क्रमाने तुम्ही तिला मैदानावर आणलंत. आता ती घोट्याला पट्टा बांधून खेळते, आणि सरावाआधी संघातल्या सगळ्या पोरी एका पायावर उभ्या राहतात.

थंडी पडली की आमच्या शेतात भरीताचा बेत असतो. वांगी पऱ्हाटीवरच भाजतो, सोबत कळण्याची भाकरी. तुम्ही सहकुटुंब यायचं आहे. आईने तारीख विचारून ठेवायला सांगितलंय, तेवढं कळवा.

आपला,
पारोळा तालुक्यातील एक पालक