पाणी टाकून घर पाहायला शिकवणाऱ्या ओव्हरसियर काकांना

काका, सादर नमस्कार.

मुलांच्या शिक्षणापायी दर्यापूर, अकोटकडे नवं घर पाहायला निघालेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना तुम्ही एक रुपया न घेता मदत करता. "रंग पाहून घर नको घेऊ बाप्पा, पाणी टाकून पाह्य," हे तुमचं पेटंट वाक्य. नुसतं धन्यवाद म्हणण्यापेक्षा तुम्ही काय काय दाखवून दिलं ते लिहूनच आभार मानतो; पुढच्या घेणाऱ्याच्याही कामी पडेल.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे घर कधी पाहायचं हे तुम्ही सांगितलं. लोक दसरा-दिवाळीला मुहूर्ताने घर पाहतात. तेव्हा आपली काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते, भेगा मिटलेल्या असतात आणि वरून ताजी पुट्टी, ताजा रंग. तीच माती मे महिन्यात आकसते आणि घराचं खरं रूप उघडं पडतं. म्हणून पहिली चक्कर मेमध्ये. प्लास्टरवर जाळ्यासारख्या केसाएवढ्या चिरा दिसल्या तर बहुतेक वेळा क्युरिंग (प्लास्टरला पाणी मारणं) कमी पडलेलं असतं. ते दुरुस्त होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मात्र वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची आणि महिन्याभराने पुन्हा पाहायचं. टोक खुणेच्या पुढे गेलं असेल तर बहुधा पाया हलतोय. पाया काळ्या मातीतच थांबवला की खाली मुरुमापर्यंत नेला, हा प्रश्न बिल्डरला विचारायचा आणि खोदकामाच्या वेळचे फोटो मागायचे, हेही तुमचंच.

जोत्यातल्या भरावाकडे तर कोणी बघतच नाही. खोदून निघालेली काळी माती परत आत लोटली की पैसे वाचतात. मग दोन पावसाळ्यांत फरशी कुठे उचलते, कुठे खचते. भराव मुरुमाचा हवा, सहा ते नऊ इंचांचे थर देऊन, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मसने ठोकून बसवलेला. फरशीवर रुपयाचं नाणं वाजवत चालायचं. भद्द आवाज आला तिथे खाली पोकळी. स्कर्टिंग (भिंतीच्या बुडाची पट्टी) आणि फरशी यांच्यात फट पडलेली असेल तर भराव बसत चालला आहे. घराभोवती अडीच-तीन फुटांचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा नसेल तर पागोळ्यांचं पाणी सरळ पायाशी मुरतं. तो करून घेतल्याशिवाय ताबा नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातला आपला भाग खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये गेलं की आतला गज गंजतो आणि भिंतीला लोणा (क्षाराची पांढरी पूड) लागतो. सळई घातलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, साध्या काँक्रीटला 2,000 पर्यंत चालतं, हा भारतीय मानकातला आकडा तुम्ही तोंडपाठ सांगता. बिल्डरने पाणी कुठून आणलं ते विचारायचं आणि शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पांढरी पूड किंवा रंगाचे फुगे दिसले की नवा रंग मारून घेणं हा उपाय नव्हे.

आता तुमची बादली. बाथरूमच्या जाळीत कापडाचा घट्ट बोळा कोंबून दीड-दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर खूण करायची आणि 24 तास सोडायचं. गच्चीवर 48 तास. पण आपल्याकडच्या 45 अंशांत पाणी नुसतं उडूनही जातं, मग गळती ओळखायची कशी? शेजारी पाणी भरलेली बादली ठेवायची. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच गच्चीवर उतरलं तर ऊन; जास्त उतरलं तर स्लॅब पितोय. इतकी साधी युक्ती कोणत्याच माहितीपत्रकात सापडत नाही. बोळा काढल्यावर पाणी कुठे थबकतं तेही पाहायचं. सहा फुटांच्या बाथरूमला पाऊण ते एक इंच उतार लागतो.

विजेत तुम्ही आधी कूलर पाहता. पत्र्याचा कूलर, ओला ओटा आणि अर्थिंग नसलेला पॉइंट. दर उन्हाळ्यात यातून माणसं जातात. डीबीवर (घराच्या विजेच्या मुख्य पेटीवर) 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, आहे का पाहायचं, तिचं टेस्ट बटण दाबायचं. सप्लाय तुटला नाही तर बदलून मागायची. लाइटला 1.5, साध्या सॉकेटला 2.5 आणि गिझर, एसीला 4 चौरस मिलिमीटरची वायर. कूलरच्या खिडकीच्या पट्टीला बाहेर उतार नसेल तर पाझर भिंतीतच जिरतो.

कागद हा वकिलाचा विषय, तरी तुम्ही चार गोष्टी रेटून सांगता. जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, मंजूर ले-आउट आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण, राहायला परवानगी) यांशिवाय हात आखडता ठेवायचा. आपल्याकडच्या बऱ्याच योजना आठ घरांपर्यंतच्या किंवा 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या असतात, म्हणून महारेराची (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी सापडत नाही. त्यात लगेच फसवणूक नसते, पण तपासणी दुप्पट करायची. नोंदणी असेल तर करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, आणि ताब्यापासून 5 वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष त्याला फुकट दुरुस्त करावा लागतो. भोगवटा मिळाल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. घर एकट्या बाईमाणसाच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट. हे ऐकून कितीतरी घरं सुनेच्या नावे झाली, त्याचे वेगळे आभार.

आणखी एक. तुमची लेव्हल नळी (पाणी भरून दोन जागांची उंची जुळवायची नळी) आमच्याकडेच राहिली आहे. पाण्यात हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं म्हणाला होता, म्हणून पिळा पडू न देता, रिकामी करून खुंटीला टांगली आहे. पुढचं घर पाहायला निघाल की घेऊन येतो.

तुमच्या यादीवर घरं तपासून घेणारे
दर्यापूर तालुक्यातले आम्ही सगळे