सिंह गुहेत राहत नाही, वसू

दांडिया बाजार, बडोदा
१४ डिसेंबर

प्रिय वसू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. 'बालवर्गाला प्राण्यांची घरं शिकवायचीत, तुझा तो तक्ता पाठव' असं तू लिहिलंस आणि मी दोनदा उत्तर लिहायला बसून उठले. तो तक्ता मी भिंतीवरून केव्हाच उतरवून ठेवलाय. का, ते सांगितल्याशिवाय नुसतं 'नाही' कळवणं बरं वाटेना.

तक्ता तुला तोंडपाठ असेलच. गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, सिंहाची गुहा, चिमणीचं घरटं, मुंगीचं वारूळ, कोळ्याचं जाळं. आपण दोघींनी शेजारी बसून तेच घोकलं आणि पुढे चौदा वर्षं मी मुलांकडून तेच घोकून घेतलं. आता एकेक घे. गोठा गाय बांधत नाही, आपण बांधतो. गीरचा सिंह सागाच्या आणि काटेरी झुडपांच्या कोरड्या रानात सावली बघून पडून राहतो. आमच्या वर्गातली कितीतरी मुलं सासणला जाऊन त्याला तसा बघून आलेली असतात, आणि वर्गात विचारलं की 'गुहा' म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि तक्त्यावरचं खरं, हे आपण चौथ्या वर्षीच त्यांना शिकवतो. याचं मला फार वाईट वाटतं.

वारूळ बांधते वाळवी, आणि वाळवी मुंगीपेक्षा झुरळाच्या जवळची. पुढे त्यात साप शिरतो, घोरपड शिरते. आपली 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण तक्त्यापेक्षा खरी निघाली बघ! जाळं तर कोळ्याचं शिकार धरायचं साधन. मासे धरणारा कोळी त्याच्या मासळीच्या जाळ्यात राहतो म्हणावं, तसंच ते. आणि घरटं हा पाळणा आहे. बुलबुलाची पिल्लं उडून गेली की ते घरटं ओस पडतं, बुलबुल झोपतो फांदीवर. कोकिळा तर कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. मग तिचं घर कुठलं सांगायचं?

पण हे सगळं मला आपोआप सुचलं नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा एका मुलीनं मला अडवलं. तू टीव्हीवर बघून फोन केला होतास, आठवतं? धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ च्याही वर गेलं होतं. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्यानं वस्तीतून २४ मगरी उचलल्या. शाळा उघडल्यावर मुलांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मी कार्ड दाखवलं, 'मगर कुठे राहते? पाण्यात.' तर नदीकाठच्या सोसायटीतली साडेचार वर्षांची मुलगी म्हणाली, "बेन, आमच्या गल्लीत सगळीकडे पाणीच होतं. मग मगर घरीच होती ना? तिला पकडून का नेलं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी वाचायला बसले.

मगरीला पाणी लागतंच, पण तिचा संसार काठावर. मातीच्या उतारावर ती बीळ खणते आणि कडक उन्हाळ्यात, थंडीत त्यात जाऊन पडते. हिवाळ्यात सकाळी ऊन चढलं की आ वासून काठावर शेकत बसते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठातच खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. आत पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरतं: साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर, त्याहून गार असेल तर माद्या. पावसाळा तोंडावर आला की पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. मग आई खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याला आपण भितो, त्याच जबड्यात! हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम चिडीचूप झाला होता.

आता माझा धडा असा. परातीत ओली वाळू भरते आणि तीस वाल मोजून देते. मुलं चमच्यानं खड्डा करून ते पुरतात. शेजारी दुसरी परात असते, तिच्यात फरशीचा तुकडा बसवलेला, सिमेंटनं बांधलेल्या काठासारखा. तिथे चमचा नुसता खरवडतो. मी एक अक्षर बोलत नाही. यंदा एक मुलगा बराच वेळ खरवडून म्हणाला, "इथं मगर काय करणार?" अधिवास हा शब्द मी उच्चारत नाही, तो मोठेपणी भेटेल. मी तीनच गोष्टी विचारते: खाते काय, लपते कुठे, पिल्लं कुठे वाढवते. तिन्हींची उत्तरं एका जागी मिळाली तर ती तिची जागा.

जानेवारीत पालकांना घेऊन कमाटी बागेबाहेरच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळ, विश्वामित्रीच्या पुलावर जातो. कठड्याच्या आतूनच बघायचं, काठावर पाऊल ठेवायचं नाही, हे आधी चारदा बजावते. मागच्या वर्षी एक आजोबा रागावले, "मगरीची माया कशाला लावता पोरांना?" त्यांचं भय खोटं नाही. ती माणसाला ओढून नेऊ शकते, आणि हे मी मुलांपासून लपवत नाही. पण ती आपल्या गावची आहे, हेही खरंच ना? दोन्ही एकदम मनात ठेवणं मुलांना जमतं, वसू. आपल्यालाच जड जातं. त्याच कमाटी बागेत १८७९ पासून प्राणिसंग्रहालय आहे. पिंजऱ्यातला प्राणी बघून मुलं पाच मिनिटांत पुढे सरकतात, पुलावर मात्र अर्धा तास हलत नाहीत. नदीही तीच, बागेतूनच वाहते.

बागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा बघितला की मुलं हळू आवाजात बोलायला लागतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. डभोईकडच्या वढवाणा तलावालाही यंदा न्यायचंय. हिमालय ओलांडून पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, येतात तिथे. दोन ठिकाणी राहणाऱ्याचं घर कुठलं, यावर मुलं काय म्हणतील याची मला आतापासून उत्सुकता आहे.

तर तक्ता पाठवत नाही. तुझ्याकडे मगर नाही, पण शाळेमागे ओढा आहे असं तूच लिहिलं होतंस. त्याच्या काठाला खेकड्यांची बिळं असतीलच. मुलांना घेऊन जा, बिळाच्या तोंडाशी काय काय पडलंय ते बघायला सांग, आणि ती काय म्हणाली ते मला त्यांच्याच शब्दांत कळव.

तुझी,
मंदा